पलीकडच्या काठावरचा शब्द

त्शेशिन, मे २०२०

प्रिय लुमीर,

फोनवर तू लगेच हवापाण्यावर घसरतोस, म्हणून पत्र. नदीवरचा सरहद्दीचा पूल बंद असला तरी टपाल पलीकडे, तुमच्या चेक काठावर, जातंय.

मला अडवलं, ते तुला पुरतं सांगितलेलं नाही. साथ आली, पुलावर सैनिक उभे राहिले, आणि त्याच रविवारी मी नेहमीसारखी सुपाचं भांडं घेऊन निघाले. मिशीवाला सैनिक आमच्याच पोलंडचा. "काकू, पलीकडे तुमचं कोण लागतं?" मी म्हटलं, "लुमीर." "ते नाव झालं. नातं काय?" मी ऐटीत पासपोर्ट पुढे केला. त्याच्या कपाळावर आधी युरोपियन युनियन लिहिलंय, पोलंड त्याच्या खाली. म्हटलं, तो चेक, मी पोलिश, पण नागरिक एकाच घरचे. सैनिक म्हणाला, "ते बऱ्या दिवसांतलं, काकू. आता नवरा असेल तर बोला. सुपाला काही सोडता येत नाही."

सूप मीच प्यायले. तू लग्नाचं काढलंस की मी म्हणायचे, पूल आहे ना, मग कागद कशाला?

मग आपण नदीच्या दोन काठांवरून ओरडायला लागलो. तुझं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी ओरडले की पाणी गुडघाभरच आहे, येतेच. तू हात उंचावून ओरडलास, "स्लिब!" वारा होता. मला आमचं "श्लुब" ऐकू आलं, म्हणजे लग्न. मी चारचौघांत "हो, हो" म्हणून मोकळी झाले. दोन्ही काठांवर टाळ्या पडल्या. तू टोपी काढून उभा राहिलास. मला वाटलं, तुला भरून आलंय.

शेजारच्या हालिनाची आई तुमच्याकडची, चेक. हालिना पोट धरून हसली. "अगं बये, स्लिब म्हणजे वचन. पाण्यात उतरू नकोस, असं वचन मागत होता बिचारा." त्यानंतर तू त्याविषयी चकार शब्द काढला नाहीस. मीही नाही.

जूनमध्ये पूल उघडेल म्हणतात, आणि तुझं ऑपरेशनही जूनमध्येच आहे. इस्पितळाच्या दारात पुन्हा कोणीतरी विचारेल, तुमचा कोण लागतो. आत तू एकटा आणि बाहेर मी मुकी, याची मला भीती वाटते, सरळच सांगते. म्हणून हे लिहिलं. तू मागितलेलं वचन दिलं, पाण्यात उतरणार नाही. पण माझा होकार लग्नालाच होता, आणि तो मी मागे घेत नाही.

तुझीच, दोन्ही भाषांत,
बोग्ना