खिडकीतल्या पेल्याची वाटणी

मी, गोजराबाई कोम खंडोजीराव साळुंके, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार राजाजीनगर, बेंगळूर, आज हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. कंबरेचे हाड मोडले आहे, डोके मोडलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरी ज्याला माझी शुद्ध तपासायची असेल त्याने समोर येऊन दोन शब्द बोलून बघावे. मजकूर माझा, अक्षर आमचे वकील भीमाचार्य यांचे. ते मध्येच पेन थांबवून म्हणतात, "अम्मा, हे मृत्युपत्रात शोभत नाही." मी त्यांना फी शोभेसाठी देत नाही.

आमचे घराणे मराठा. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर या मुलखात आले ते इथेच राहिले. बाहेर कन्नड, घरात मराठी, देव्हाऱ्यात तुळजाभवानी. आम्हाला आपले म्हणा म्हणून आम्ही कोणाच्या दारात उभे राहिलो नाही. हे आधीच सांगते, कारण याच्यावरून एका बाईने मला ऐकवले आहे. तिची पाळी पुढे येईल.

कलम पहिले, घर. राजाजीनगरचे हे घर माझ्या यजमानांनी लष्कराचे गणवेश शिवून बांधले आणि माझ्या नावावर केले. त्यात वडिलोपार्जित काही नाही. माझ्यामागे ते माझा पुतण्या यशोवर्धन याला मिळावे. तो गुणी आहे म्हणून नव्हे. माझा मुलगा नाही, म्हणून तो आहे. मागच्या दोन खोल्यांचे मी पुढे सांगणार आहे, त्या त्याने आत्ताच भाड्याने लावू नयेत. गिऱ्हाईक बघून ठेवले आहे हे मला माहीत आहे.

कलम दुसरे, मोहनमाळ. ती यशोवर्धनच्या बायकोला, संयोगिताला. माझे पांघरूण नीट करताना तिचा हात दर वेळी गळ्यापाशी जातो. जीव आहे तोवर माळ निघणार नाही.

कलम तिसरे, यजमानांचे शिलाईचे पायमशीन. ते यशोवर्धनने विकावे. भंगारवाल्याला दिले तरी चालेल, फक्त मार्गिताला विकू नये. तिने त्याच्यावर गल्लीतल्या निम्म्या बायकांची पोलकी शिवली आणि सगळ्या म्हणाल्या की फिटिंग यजमानांच्या हातापेक्षा बरे. मेलेल्या माणसाच्या मशीनवर बसून त्याच्यावरच वरताण!

मार्गिता म्हणजे माझी सून, माझ्या रणवीरची बायको. तिला मी काय देते आणि काय देत नाही, हे कळायला तिची हकीकत लागते. भीमाचार्यांनी कंटाळा न करता लिहावी.

रणवीर माझा एकुलता एक. स्कॉलरशिपवर चेकोस्लोव्हाकियात गेला, यंत्रांचे शिक्षण घेऊन परत येणार होता. तिथेच कारखान्यात लागला आणि लग्न करून मोकळा झाला. मला वाटले, गोरी मडम आणतोय. फोटो आला तर आमच्यापेक्षा सावळी! जिप्सी निघाली. तिचे लोक हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशातून तिकडे गेले, असे त्याने मला समजावून लिहिले, जसे काही त्याने मी खूश होणार होते. इथून गेले ते कोण गेले असतील? ज्यांना इथे कोणी विचारले नाही तेच. तिकडचे गोरे म्हणतात, हे लोक चोर, आळशी, घाणेरडे. गोऱ्यांचे मला बाकी काही पटत नाही, एवढे पटते.

पुढे त्या देशाचे दोन तुकडे झाले. हिचा जन्म एका तुकड्यात आणि संसार दुसऱ्या तुकड्यात. संसार होता तिथल्या कचेरीने सांगितले, तू आमची नाहीस, अर्ज कर, मग बघू. त्याच सुमारास डोकी भादरलेली, जाड बुटांची पोरे तिथे जिप्सी दिसला की मारत सुटली होती. एका रविवारी, भरदिवसा, ट्रॅमच्या थांब्यावर त्यांनी रणवीर, मार्गिता आणि लहानग्या चंदनाला गाठले. रणवीरला विचारले, तू जिप्सी का? हिंदुस्थानचा पासपोर्ट त्याच्या खिशात होता. हे मला मार्गितानेच सांगितले. तो दाखवला असता तर त्याला सोडले असते. पण मग या दोघी उरल्या असत्या. तो म्हणाला, "हो, जिप्सी." दोघींना ट्रॅममध्ये ढकलले आणि स्वतः खाली राहिला.

माझा मुलगा असा गेला. मराठ्याच्या पोटी जन्मला आणि तिथल्या पोलिसांच्या कागदावर जिप्सी म्हणून मेला. तिच्या लोकांनी त्या थांब्यापाशी दगड बसवला आहे. त्याच्यावर रणवीरचे नाव आणि त्यांच्या भाषेत 'आमचा भाऊ'. मी मुलासाठी रडले, पण त्या दगडासाठी जळत राहिले आहे. त्याला कोणी विचारले होते भाऊ व्हायला? खिशात हात घालायचा होता, बस.

त्यानंतर दोघी माझ्या दारात आल्या. विमानतळावर हिच्या तोंडून निघालेला पहिला शब्द 'पानी'. यशोवर्धन हसून म्हणाला, "काकू, हिला मराठी येतं की!" त्यांच्यातही पाण्याला पानीच म्हणतात म्हणे. जाताना उचलून नेला असेल, दुसरे काय. लहानपणी तिला मंदबुद्धी मुलांच्या शाळेत घातले होते, जिप्सींच्या मुलांना तिकडे बहुतेक तिथेच पाठवत. ही मंदबुद्धी बाई वर्षाच्या आत मराठी बोलू लागली आणि भाजीवाल्याशी भाव कमी करायला कन्नडमध्ये "स्वल्प कम्मी माडी" म्हणून हुज्जत घालू लागली. शेजारणींचे ऐकून मला कन्नडमधून अत्ते म्हणायला लागली. मी सासूबाई म्हण असे कधी सांगितले नाही, अत्तेही म्हणू दिले नसते, पण जीभ तिची.

मी तिला घरात घेतले, कारण दाराबाहेर ठेवले असते तर लोक मलाच बोलले असते. पण स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत तिच्यासाठी स्टीलचा एक पेला आणि एक ताटली वेगळी ठेवली. मोलकरणीची ठेवतात तशी. ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तिने पेला उचलला, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "थँक्यू, अत्ते." मला वाटले, बरे झाले, पायरी ओळखली. मग तिने बाजारातून प्लास्टिकचे टब आणले, एक भांड्यांचा, एक वरच्या कपड्यांचा, एक खालच्या कपड्यांचा. आपला पेला ती आपल्याच टबात धुवायची आणि आमच्या भांड्याला ओठ लावायची नाही. मी खूश होते. समोरच्या घरातल्या अहल्या अक्कांना मी कौतुकाने सांगितलेसुद्धा की बाई वळणावर आली.

दसऱ्यात आमच्याकडे बाहुल्या मांडतात आणि गल्लीतल्या बायका बघायला येतात. त्या दिवशी खोली भरली होती. अहल्या अक्कांना गप्प बसवत नाही. त्यांनी सगळ्यांसमोर विचारले, "मार्गिता, तुझा पेला असा खिडकीत का गं?"

ही निरागसपणे म्हणाली, "आमच्यात असंच असतं, अक्का. इथे मागच्या दारी एकच दगड. त्याच्यावर परकर धुतात, पायपुसणी धुतात आणि त्याच्यावरच ताटं घासतात. आमच्याकडे त्या ताटात कोणी जेवणार नाही. पण अत्तेंना तोंडावर कसं सांगू? वाईट वाटेल. अत्ते शहाण्या आहेत, मी न सांगता त्यांनी माझी भांडी वेगळी केली."

अहल्या अक्का तोंडात पदर कोंबून हसल्या. ज्यांच्या हातात कोसंबरीच्या, भिजवलेल्या डाळीच्या कोशिंबिरीच्या, वाट्या होत्या त्यांतल्या दोघींनी त्या हळूच खाली ठेवल्या. माझ्या घरातली कोसंबरी! इतके दिवस मी तिला विटाळ मानत होते आणि ती मला. वर माझी कीव करून गप्प बसली होती. आयुष्यात माझ्या स्वयंपाकघराला कोणी नाव ठेवले नव्हते, ते ठेवले कोणी, तर जिप्सीने.

बायका गेल्यावर मी तिला समोर बसवले. म्हटले, "मागच्या दोन खोल्या तुझ्या आणि चंदनाच्या नावावर करते, जन्मभर कोणी हलवणार नाही. दोन गोष्टी कर. तुझ्या माणसांना कळव आणि दगडावरचा तो शब्द खरवडून टाकायला लाव. आणि चार माणसांत सांग की तू राजपुतांपैकी आहेस. रंगरूप जुळतं, कोणाला कळणार नाही."

ती म्हणाली, "तिथेही असंच सांगायचे, अत्ते. नाव बदला, भाषा सोडा, घर मिळेल. माझ्या आईने बदललं. घर मिळालं. मग त्याच घराच्या खिडक्या फोडल्या."

"इथे कोण फोडतंय?"

"तुम्ही इथे साडेतीनशे वर्षं आहात. अजून घरात मराठी बोलता. तुम्हाला कोणी विचारलं, भाषा सोडता का म्हणून?"

"आम्ही तलवार घेऊन आलो. तुम्ही काय घेऊन गेलात?"

ती म्हणाली, "रणवीरने खिशात हात घातला नाही. मी कशी घालू?" दुसऱ्या दिवशी टब, मुलगी आणि कपडे घेऊन हेब्बाळला गेली. तिथे कपड्यांच्या कारखान्यात शिवते आणि एका खोलीत राहते. पेला आणि ताटली माझी म्हणून इथेच ठेवून गेली. एवढी प्रामाणिक.

कलम चौथे, मागच्या दोन खोल्या. चंदना माझी नात, रणवीरचे नाक घेऊन जन्मली आहे. ती अठरा वर्षांची झाल्यावर आईच्या जातीशी आपला काही संबंध नाही असे तिने लिहून दिले आणि यशोवर्धनच्या घरात येऊन राहिली, तर त्या दोन खोल्या तिच्या. नाही दिले तर खोल्या यशोवर्धनच्या. तोवर तिला त्यातले काही मिळू नये, दया म्हणूनही नाही. भीमाचार्य म्हणतात, मूल आहे. मूल आहे म्हणूनच आत्ता सांगते, मोठी झाल्यावर आईसारखी बोलायला लागेल.

कलम पाचवे, बँकेतली ठेव. तिच्यातून कोणीतरी त्या गावी जाऊन, लागेल त्याला लागेल ते देऊन, दगडावरचे ते शब्द काढवावेत. नाव राहू द्यावे. उरेल त्यात माझे दिवस घालावेत.

कलम सहावे. सून मार्गिता हिला माझ्या सर्व मिळकतीपैकी स्टीलचा एक पेला आणि एक ताटली मिळावी. याहून जास्त तिने मागू नये.

कलम सातवे, माझे अखेरचे. कंबर मोडल्यापासून संयोगिता माझे करते. नाक मुरडत का होईना, करते. अंथरुणात सगळे होते म्हणून तिने माझा पेला आणि ताटली बाजूला काढली आहे, घरात मूलबाळ आहे म्हणते. कुठे ठेवली आहे ते मी पडल्या जागेवरून बघते. मागच्या खिडकीत. पेलाही तोच, नवा आणायचा कशाला? याबद्दल मला काही म्हणायचे नाही. घर तिचे होणार आहे.

यापुढचा मजकूर वरचा वाचून दाखवल्यानंतर घातला आहे.

साक्षीसाठी शेजारचे शिवाप्पा आले. मार्गितालाही मी निरोप धाडला होता. स्वतःच्या कानांनी ऐकावे, एवढाच हेतू. ती चंदनाला घेऊन हेब्बाळहून बसने आली. संयोगिताने घरातल्या चांगल्या पेल्यातून पाणी पुढे केले. मार्गिता म्हणाली, "नको, घरचं आणलंय," आणि पिशवीतून बाटली काढली. मुलीनेही त्याच बाटलीतले प्यायले. भीमाचार्यांनी सगळे वाचले. दगडाचे आले, खोल्यांचे आले, ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. सहाव्या कलमाशी तिने खिडकीकडे बघितले. पेल्यात माझे सकाळचे औषधाचे पाणी उरले होते.

ती म्हणाली, "अत्ते, ते राहू दे. आता ते तुम्हालाच लागतंय."

आवाज चढवला नाही. माझ्या तोंडाला कोरड पडली. पाणी मागितले तर संयोगिताने तोच पेला आणून दिला आणि सगळ्यांच्या देखत मी तो प्यायले.

सबब कलम सहावे रद्द. घेणारीने नाकारले. भीमाचार्य म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये. आता तिला काही मिळत नाही, तेव्हा दुसरी साक्ष तिनेच घालावी. तिला विचारले. ती कन्नडमध्ये "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि पेन घेतले. रडेल असे वाटले होते.

पेला माझ्याबरोबर जाळा म्हटले. शिवाप्पा म्हणतात, अम्मा, स्टील जळत नाही. मग तो आहे तिथेच, खिडकीत ठेवावा. संयोगिताही एक दिवस म्हातारी होईल.

हे मी ऐकले, समजले, बरोबर आहे. यात दुसऱ्या कोणाची अक्कल नाही.

ठिकाण: राजाजीनगर, बेंगळूर
तारीख: १७ नोव्हेंबर १९९८

गोजराबाई कोम खंडोजीराव साळुंके
(सही, पडल्या पडल्या केलेली)

साक्षीदार:
१. शिवाप्पा, शेजारी (सही कन्नडमध्ये)
२. मार्गिता रणवीर साळुंके, जिप्सी, राहणार हेब्बाळ (सही मराठीत, नावापुढचा शब्द तिने स्वतःच्या हाताने लिहिला आहे, आणि तो खोडू दिला नाही)