आजीबाईचा कान

६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन का करत नाहीस असं विचारतेस. फोनवर तू ओरडतेस आणि पत्रात ओरडता येत नाही, एवढंच कारण. शिवाय मी फोन कानाला लावला की आमची दोन्ही रत्नं नेमकी तेव्हाच एकमेकांचे गळे धरतात.

खरंच धरतात हो. शाळा बंद झाल्यापासून घराचं रणांगण झालंय. काल भिंगरीने ठोकळ्याच्या डोक्यात बादली घातली, कारण त्याने तिच्या लाकडी होडीचं शीड चावून तोडलं. परवा त्याने तिच्या पोटरीला असा चावा घेतला की त्याचे सगळे दात मोजून घेता आले. ती साडेपाचची, तो तीनचा, पण वजन सारखंच, म्हणून कुस्ती बरोबरीत सुटते. मी मधे पडतो आणि दोघांचा मार खातो. उन्हाळा म्हणजे तुझ्या भावजयीच्या पाणीपुरवठा खात्याचा हंगाम. ती सकाळी सातला बाहेर पडते आणि संध्याकाळी दारातूनच विचारते, की आज कोण कोण धारातीर्थी पडलं. लोक मला विचारतात, नोकरी सोडून घरी बसायचा कंटाळा येत नाही का. त्यांना म्हणावं, एक दिवस बसून दाखवा.

आमचा दिनक्रम ठरलेला आहे. सकाळी पाव आणि जाम, पोटात कमी, जमिनीवर जास्त. मग ग्रंथालय. तिथल्या बाई आम्हाला पाहिलं की चष्मा पुसायला घेतात. मग परत येऊन आमच्या घराखालच्या घड्याळजीच्या दुकानापुढे थांबा, कारण पायरीवर त्याची म्हातारी काळी कुत्री पसरलेली असते. मुलांनी तिला आजीबाई नाव दिलंय. ती आळस देऊन उठते आणि आमच्यामागून तळ्यापर्यंत येते. पावाच्या कडा तिला, मधला भाग बदकांना. भिंगरीचा तिच्यावर फार जीव. ठोकळा तर तिचा कान धरूनच उठतो-बसतो. आजीबाईच्या कानाला घाण वास येतो, असं भिंगरीचं म्हणणं. मी म्हटलं, तुझ्याही येतो, डोकं धुऊ देत नाहीस म्हणून.

एवढं सगळं होऊन मी अजून एकावरही हात उचललेला नाही, हे मात्र अण्णांच्या फोटोला आवर्जून सांग.

ऊन फार आहे, टोपी घालत जा. आमच्यावरची माया तेवढी उन्हाने आटू देऊ नकोस.

तुझा,
भोपळ्या


१३ मे

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की बरगड्या दुखल्या, आणि त्या आधीच दुखावलेल्या आहेत. मंगळवारी एका वळूने मला फळीवर दाबून धरलं. त्याला सुई नको होती, मला मरण नको होतं, आणि त्याचं वजन माझ्या दसपट. गवळ्याने वेसण ओढली म्हणून हे पत्र लिहितेय. दोन बरगड्यांना चीर गेली आहे. काळजीचं कारण नाही, मी त्याला शेवटी सुई टोचलीच.

आता हसणं बाजूला. कानाला वास येतो म्हणजे आत पू आहे. म्हाताऱ्या कुत्रीचा कान सडला की नुसता वारा लागला तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. ती बिचारी सोसते आहे, पण सोसण्यालाही तळ असतो. भिंगरीचं नाक तुझ्यापेक्षा शहाणं आहे. घड्याळजीला सांग, तिला डॉक्टरकडे ने. आणि तोपर्यंत ठोकळ्याला त्या कानापासून लांब ठेव. मी हे थट्टेत लिहीत नाही. कुत्रा चावणारच नाही असं म्हणणाऱ्यांच्या मुलांना टाके पडलेले मी पुष्कळ पाहिलेत.

अण्णांच्या फोटोला निरोप सांगितला. चेहऱ्यावरून त्यांना पटलेलं दिसलं नाही.

मुलांना पापा. तुझ्या शहाणपणावर लोभ ठेवावा म्हणते, तेवढं शहाणपण दाखव.

तुझी,
ताई


२० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या बोटांना पट्टी आहे, अक्षर लावून घे. ठोकळा ठीक आहे, हे आधी लिहितो. दंडाला टाके पडलेत, हाड वाचलंय, बोटं हलतात.

तुझं पत्र शनिवारी सकाळी, आम्ही निघता निघता आलं. जिन्यात वाचलं आणि खिशात घातलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता. म्हटलं, परत येताना सांगू. आजीबाई उठली आणि आमच्यामागून चालू लागली. तिला तिथेच थांबवायला हवं होतं. मी पावाची पिशवी सांभाळत होतो.

तळ्याच्या काठावर ठोकळा घसरून चिखलात बसला. उठायला त्याने रोजच्यासारखाच तिचा कान धरला आणि सगळा भार टाकला. ती आधी किंचाळली, माणसासारखी. मग तिने त्याचा दंड धरला आणि झटके द्यायला लागली. तो रडतही नव्हता ताई, नुसता चिंधीसारखा हलत होता. मी तिचा पट्टा ओढला, जबड्यात बोटं घातली, माझीही फाटली. सुटेना. कठड्याचा एक दगड सुटा होता. तो उचलला आणि मारला.

कुत्री मेली. तिथेच.

दवाखान्यात त्याला धरून ठेवायला तिघं लागली. तुझी भावजय कामावरून तशीच धावत आली, बुटांना चिखल, आणि त्याच्या पायाशी बसली. आता तो पट्टी सगळ्यांना दाखवत फिरतो आणि बघायचं असेल तर बिस्किट मागतो. भिंगरी गप्प आहे.

तू सांगितलं होतंस. याहून जास्त आज लिहवत नाही. रागाव, पण माया ठेव.

तुझा,
भोपळ्या


२४ मे

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

रागवायला नंतर पुष्कळ वेळ आहे. आधी लशीचं बघ. कुत्रीला दरवर्षी लस टोचली होती का, हे घड्याळजीला विचार, आणि त्याने हो म्हटलं तरी ठोकळ्याची आणि तुझी सगळी इंजेक्शनं पुरी कर. एकही चुकवायचं नाही. टाक्यांभोवती लाल झालं, गरम लागलं, की त्याच दिवशी दवाखाना.

आता एक विचारते. तू पत्रात सगळं लिहिलंस, पट्टा, बोटं, दगड, आणि मग तीन शब्दांत कुत्री मारलीस. मी या कामात जन्म घालवला. नाकावर, डोक्यावर असा घाव बसला की कुत्रं सोडतं. सोडतं आणि पळतं. एका घावात मरत नाही. मग ती मेली कशी?

आणि भिंगरी गप्प का आहे? चावा बसला त्याला. गप्प ही.

मला खरं लिही. न लिहिलंस तरी लोभ कमी होणार नाही, पण झोप माझीही उडेल आणि तुझीही.

तुझी,
ताई


२९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे कधी काही लपलंय का! लिहितो.

पहिल्याच घावात तिने सोडलं. ठोकळा बाजूला पडला. ती शेपूट पोटात घालून झुडपांकडे निघाली, एक पाय ओढत. मी तिच्यामागे गेलो. मूल चिखलात रक्ताने भिजलेलं टाकून मी कुत्रीमागे गेलो, ताई. तिला पट्ट्याला धरून ओढली आणि मारत राहिलो. भिंगरी ओरडत होती, की बाबा, तिने सोडलंय, तिने सोडलंय. मला ऐकू येत होतं. ऐकू आलं नाही असं बायकोला सांगितलं, पण येत होतं. दगड रक्ताने बुळबुळीत होऊन हातातून निसटला तेव्हा थांबलो. आणि खोटं कशाला लिहू, मारताना बरं वाटत होतं. खूप वर्षांनी काहीतरी मोकळं झाल्यासारखं.

वळलो तेव्हा भिंगरी ठोकळ्याच्या दंडावर आपली टोपी दाबून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

घड्याळजीला कोणीतरी बोलावून आणलं. त्याने अंगातला कामाचा डगला काढला, तिला त्यात गुंडाळली आणि छातीशी धरून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी बायकोकडे ठोकळ्याच्या हाताची चौकशी केली आणि लस दरवर्षी टोचत होतो असं सांगितलं.

आता घरातलं. परवा मी फळीवरून जामची बरणी काढायला हात वर केला, तर भिंगरीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. माझ्या लेकीने. माझ्यापुढे. रस्ता ओलांडताना बोट धरत नाही, ठोकळ्याच्या बाबागाडीचा दांडा धरते. डोकं धुवायला आईच लागते. काल आईला म्हणाली, की तू घरी राहा आणि बाबाला ऑफिसला पाठव. बायकोने ते मला सांगितलं, रागाने नाही, पण डोळ्यांत बघून नाही. शाळा सुरू झाली की दोघांना पाळणाघरात घालू या म्हणते, जूनच्या मध्यापासून. म्हणजे दिवसभर माझ्यापासून लांब. तसं तिने म्हटलं नाही, पण मला मराठी कळतं.

मी भिंगरीला आइसकांडी आणली, समजावलं, की भावासाठीच केलं ना ते. तिने आइसकांडी ठोकळ्याला दिली.

काय करू ते सांग. वळूला सुई टोचतेस, मलाही टोच.

तुझा,
भोपळ्या


२ जून

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि गोठ्यात जाऊन रडले. गायींना सवय आहे.

जामच्या बरणीला हात वर केला की डोकं झाकणारं पोर मी पाहिलंय. आपल्याच घरात. अण्णा कामावरून यायचे, खुंटीवर टोपी अडकवायला हात वर करायचे, आणि तू डोकं झाकायचास. तेव्हा तू भिंगरीएवढाच होतास. अण्णा हसायचे. एवढं लक्षात ठेव, तू हसू नकोस.

आइसकांडी बंद. समजावणं बंद. पहिला घाव भावासाठी होता, हे तिला ठाऊक आहे. बाकीचे कोणाला बसत होते, ते तुला नि मला ठाऊक आहे. तिला एवढंच कळलं, की ते ठोकळ्यासाठी नव्हते. तेव्हा तिला एकदाच सांग, की तुझं बरोबर होतं, तिने सोडलं होतं, आणि मी थांबलो नाही. पुढे काही जोडू नकोस.

मग मार खाल्लेल्या जनावराशी आम्ही जे करतो तेच कर. त्याच्याकडे जायचं नाही. बोलवायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. जमिनीवर बसायचं, अंग वाकडं करून, तळहात उघडे मांडीवर. रोज त्याच जागी. ते येईल तेव्हा येईल. आलं तर हात हलवायचा नाही. हुंगलं तरी नाही, चावलं तरी नाही. यात कंटाळलास तर सरळ ऑफिस गाठ.

आणि घड्याळजीकडे जा. तोंड लपवून जिना उतरणं शोभत नाही.

ठोकळ्याची शेवटची सुई विसरू नकोस. लोभ तुझ्यावर आहेच, जन्मापासून, त्याला आता इलाज नाही.

तुझी,
ताई


१३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ठोकळ्याचे टाके निघाले, सुया संपल्या. नर्सला त्याने लाथ मारली, म्हणजे तब्येत उत्तम.

घड्याळजीकडे गेलो. माफी मागितली. तो घड्याळ उघडून बसला होता, वर न बघता म्हणाला, की कानाचं त्यालाही कळलं होतं, आज नेऊ उद्या नेऊ करत राहिला. मग म्हणाला, की मुलांना येऊ दे, तू मात्र उंबऱ्याच्या बाहेर थांबत जा. मी बाहेर थांबतो.

भिंगरीला सांगितलं, तुझ्याच शब्दांत. तिने मान हलवली आणि होडी रंगवायला गेली. मग मी बसायला लागलो. दुपारी जेवणं झाली की दाराजवळ, चपलांच्या शेजारी, तळहात वर करून. भिक्षेकऱ्यासारखा दिसत असेन. ठोकळ्याने पहिल्याच दिवशी माझा घोडा केला. भिंगरी लांबून वळसा घालून जायची. मग वळसा जरा लहान झाला. मग ती पलीकडच्या भिंतीला टेकून चित्रं काढायला लागली. पाठ दुखते, पण बसतो.

आज ती उठून समोर आली. हातात ती लाकडी होडी. थोडा वेळ उभी राहिली आणि होडीने माझ्या खांद्यावर मारलं. मग डोक्यावर, कानावर. पोर लहान आहे, पण होडी सागवानी आहे, ताई. ती रडत होती आणि मारत होती, दात आवळून, सगळं अंग घालून. माझे हात दोनदा वर यायला निघाले. मी ते मांडीवर दाबून धरले. तुझी भावजय आज लवकर आली होती, ती दारात येऊन उभी राहिली. मी तिला मानेने नको म्हटलं. एक फटका ओठावर बसला आणि ओठ फुटला. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर आलं.

भिंगरी तिथेच थांबली. होडी हातात तशीच वर. माझ्या ओठाकडे बघितलं, धाप लागली होती तिला. मग होडी खाली केली आणि मला म्हणाली, की बघ, मी थांबले.

मी म्हटलं, की हो, बघितलं.

मग ती मोरीत गेली आणि होडी धुऊन आणली. बायकोने माझ्या ओठाला बर्फ लावला. पाळणाघराचं पुढच्या आठवड्यात बघू, असं म्हणाली. बर्फ लावताना डोळ्यांत बघून म्हणाली.

तुझ्या बरगड्या कशा आहेत? वळूला माझा नमस्कार सांग. या पोरीवर जेवढा जीव टाकतेस तेवढाच तिच्या बापावरही टाकत जा.

तुझा,
भोपळ्या

ता. क. पत्र टाकायला दोघांना घेऊन निघालो होतो. टपालपेटीशी उभा राहून हे लिहितोय. रस्ता ओलांडताना भिंगरीने बोट धरलं. डाव्या हाताचं. दगड धरला होता, त्या उजव्याचं अजून धरत नाही.