संकटकाळ सोडून

तीर्थरूप आईस,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. माझी तब्येत चांगली आहे, खोलीही कोरडी आहे. काळजी करू नकोस.

राज्यघटनेचे काम संपत आले. वादातले शब्द साहेब पेन्सिलीने लिहितात आणि तडजोड झाली की मी ते टाइप करतो. ‘चौकशीशिवाय कोणालाही तुरुंगात ठेवता येणार नाही’ हे कलम सेनापतींच्या पक्षाने अडवून धरले होते. काल त्यात ‘संकटकाळ सोडून’ एवढे घातले आणि दोन्ही पक्षांचे जमले.

मी भीत भीत विचारले, “साहेब, संकटकाळ आहे हे कोण ठरवणार?”

“अरे बाबा, ते ठरवत बसलो तर उरलेली घटना तुझा नातू टाइप करील.”

सगळे हसले. मीही हसलो.

तुझा गुडघा कसा आहे? दादा अजून चौकात सेनापतींविरुद्ध भाषणे करतो का? त्याला मामाकडे पाठव. छप्पर दुरुस्तीला मामाला माणूस हवा आहे, असे सांग. माझे नाव काढलेस तर तो हटून बसेल.

मतदान सोमवारी आहे, पण सेनापतींचा माणूस त्या कलमाचे पान आजच घेऊन गेला. पत्र वाचताच दादाला निघू दे. जेवायलासुद्धा थांबवू नकोस.

तुझ्या पायांशी,
धाकटा