फाट्यावरची सायकल

६ जानेवारी, मंगळवार

रात्री झोप न्हाई. कोणीतरी माझ्या सायकलची हवा सोडायलंय, म्हणून. एकदा झालं तर काटा म्हणावं. सलग तीन दिस? आन् दरवेळी मागचंच चाक.

गावात एसटी येत न्हाई. रस्ता मंजूर हाय म्हणतात. मंजूर रस्त्यानं मी सायकल हाणते, पोखर्णीच्या फाट्यापर्यंत, चार किलोमीटर. फाट्यावर लिंबाजी मामाच्या पंक्चरच्या दुकानाला सायकल टेकवायची, सकाळी साडेसहाची एसटी धरायची, परभणीत पोरींच्या होस्टेलात पोळ्या लाटायच्या. संध्याकाळी सहाला परत फाटा. बघावं तर चाक बसलेलं.

मामा ट्यूब काढतो. घमेल्यात बुडवतो. बुडबुडा हुडकतो. बुडबुडा काई निघत न्हाई. 'हुडकायलोय ना बाई, बस की.' हुडकता हुडकता अंधार पडतो. साडेसहाला बजरंगचा दुधाचा ऑटो आमच्या गावाकडं निघतो, तेवढ्यात मामाला सापडतंय — 'व्हॉल्व्ह ढिला हुता. जा, ऑटोच्या उजेडात जा.'

पैशे घेत न्हाई.

पैशे घेत न्हाई ह्याचंच भ्याव वाटतंय.

७ जानेवारी

आज बी.

८ जानेवारी, गुरुवार

ही डायरी होस्टेलातल्या राजेश्रीनं दिली. 'मावशी, मनातलं लिहीत जा.' मी बावीस वर्षांची हाव, आन् ती एकोणीसची. मावशी म्हणती. सातवी झालीय माझी, लिहिता येतंय. पयल्या पानावर नाव, पत्ता आन् नातेवाइकाचा नंबर असं छापलंय. नाव लिहिलं दैवशाला, नंबर भावाचा टाकला, बिरूचा. तेवढाच एक पाठ हाय.

आमचे ह्ये मेंढरं घेऊन दिवाळी झाल्यावर गेलेत. पावसाळ्याला येतील. कोणत्या रानात हायेत ते मेंढरालाच ठाऊक. फोन लागत न्हाई. घरात सासू, मोठे दीर शिवशंकर, मी आन् माझी लेक अपेक्षा. अपेक्षाला दोन वर्सं व्हायलेत. जाऊबाई माहेरी गेली तिला चार महिने झाले. का आली न्हाई ते ह्या घरात कोणी काढत न्हाई.

माझ्याकडं मोबाईल हुता. दिरानं दुरुस्तीला नेला. अजून दुरुस्त व्हायलाय.

९ जानेवारी, शुक्रवार

कणीक मळताना सरजाबाईला सांगितलं, माझ्यासंगं स्वैपाकाला असती ती. म्हणाली, 'म्हातारा हाय म्हणून काय झालं? फुकट काम करणारा गडी म्या तरी अजून बघितला न्हाई. माझा नवरा तर पैशे घेऊन बी करत न्हाई.'

लय हसली. मी बी हसले. मग पोळी करपली.

उद्यापासून सायकल दुसरीकडं लावायची.

१० जानेवारी, शनिवार, सकाळी, एसटीत

नरसिंहाच्या देवळाच्या वाटंला प्रसादाचं दुकान हाय, तिथं लावली. शनिवारची गर्दी हाय, कोण हात लावतंय. मामा दुकानाच्या दारात उभा हुता. 'बाई, हिकडं लाव की.' मी बघितलंच न्हाई.

११ जानेवारी, रविवार

काल लिहिता आलं न्हाई.

संध्याकाळी चाक टनक हुतं. मामा रस्त्यापर्यंत आला, 'बाई, ऑटो निघू दे, मग जा.' मी जोरात पायडल मारलं. मनात म्हणलं, बघा, सापडला का न्हाई चोर.

गावाच्या वाटंत नळ्याचा पूल हाय, त्यावर मोठे दीर. मोटरसायकल आडवी लावून उभे.

'आज टायमावर आलीस. आठ दिस झाले वाट बघायलोय. रोज मेला त्यो ऑटो मागं असतो.'

सायकलचं हॅण्डल धरलं, एका हातानं. दुसरा हात हॅण्डलवर न्हवता.

'घरात म्हातारी असती,' म्हणले. 'हितं कोण हाय?'

हितं उसाचा ट्रॅक्टर हुता. कारखान्याकडं चाललेला, दोन ट्रॉल्या, मोठ्यानं गाणं लावलेलं. मोटरसायकल आडवी, त्याला जाता यीना. ड्रायव्हरनं लय हॉर्न मारला. 'ओ पाव्हणं, गाडी काढा की! बायकोसंगं घरी जाऊन भांडा!' दीर गाडी काढायला वळले. मी निघाले. माझी चेन रोज पडती. काल पडली न्हाई.

रात्री त्यांचं ताट वाढलं. 'भाजी आळणी झालीय,' म्हणले.

१२ जानेवारी, सोमवार

सायकल मामाकडं लावली. मामाच बोलला, टायरात हात घालून, माझ्याकडं न बघता.

'हवा मीच सोडत हुतो.'

त्याला दिसायचं. दीर सहाच्या आधी फाट्यावरून जायचे आन् पुलावर बसायचे. ऑटोचा उजेड दिसला की कटायचे.

'मग सांगायचं की मामा.'

'काय सांगू? तुझा दीर तुझ्या वाटंवर बसतो म्हणू? फाटा हाय हा. दहा जण ऐकतेत. त्याचं काय जातंय? नाव तुझं निघतंय. सासू पयले सायकल बंद करील.' मग म्हणाला, 'चाकाचं बरं असतंय. चाक काई बोलत न्हाई.'

लेकीसाठी केल्यावानी केलं म्हणाला. आन् मी त्याला काय समजत हुते.

'तुला भाऊ हाय का?'

हाय म्हणलं. देवगाव फाट्याला ऱ्हातो. मामानं त्याचा मोबाईल दिला. मी नऊ आकडे दाबले. धावा दाबला न्हाई. बिरूचं डोकं गरम हाय. काठी घेऊन यील. मग गावभर. मग ह्या घरातून मला काढतील आन् अपेक्षाला ठेवून घेतील, आमच्या वंशाची हाय म्हणून. ह्ये आल्यावर बघू म्हणलं.

मोबाईल परत दिला. मामा म्हणाला, 'मग संध्याकाळी? हवा सोडू का असू दे?'

म्हणलं, सोडा.

१३ जानेवारी

चाक बसलेलं. मामानं अर्धा घंटा घमेल्यात बुडबुडा हुडकला. काई न्हाई तिथं हे दोघांला बी ठाऊक. मी स्टुलावर बसून बघितलं. बरं वाटलं. ऑटोच्या उजेडात आले. पुलावर कोणी न्हवतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. होस्टेलला सुट्टी न्हाई, पोरींला तिळाच्या पोळ्या केल्या. घरी आल्यावर सासू म्हणाली, 'थोरल्याला तिळगूळ दे, पाया पड.' दिला. पडले. दीर म्हणले, 'गोड बोलत जा.'

सासू हसली.

१५ जानेवारी, गुरुवार

पुलावर कोणी न्हाई. ऑटो हुता. मामानं आज ट्यूब काढली बी न्हाई, नुसता बसला बोलत.

१६ जानेवारी, शुक्रवार

एसटीतून उतरले. सायकल न्हाई. मामाचं दुकान बंद, घमेलं रस्त्यावर पालथं. बजरंगनं ऑटोत बसवलं. म्हणाला, 'तुझा दीर दुपारी आला हुता. मामा तुझ्या सायकलची हवा सोडायला वाकला आन् ह्यानं धरलं. घरच्या सुनेची सायकल बिघडवतो म्हणून चार लोकांसमोर हाणलं त्याला. मामा काईच बोलला न्हाई बघ. का सोडतो ते बी सांगितलं न्हाई. परभणीला दवाखान्यात नेलंय.'

चार लोक म्हणले म्हणं, दीर असावा तर असा.

सायकल आमच्या अंगणात हाय. दोन्ही चाकं फुल भरलेत. दिरानं भरली. साखळी घालून कुलूप लावलंय.

सासू म्हणाली, 'उद्यापासून कामाला जायचं न्हाई. लोकं टपलेत.' आन् म्हणाली, उद्या दुपारच्या गाडीनं ती लेकीकडं गंगाखेडला जायलीय, चार दिसांसाठी.

सासूबाई, मी बी येते म्हणलं. 'मग घर कोणी बघायचं? थोरल्याला भाकरी?'

१७ जानेवारी, शनिवार, सकाळी

दीर दारातच खाट टाकून बसलेत. हाटत न्हाईत. अंगणवाडीची सविताताई आता लेकरांच्या आहाराची पाकिटं वाटायला यील. तिच्याशी बोलू देणार न्हाईत, पर अंगठा-सही घेताना पिशवी ती खाली ठेवती. त्यात ही डायरी टाकते. ताई, न्हाईतर जो कोणी वाचल त्यानं, पयल्या पानावर नंबर हाय, माझ्या भावाला फोन करा. म्हणा, तुझी बहीण दैवशाला बोलवायली. काठी आणली तरी चालतंय. सासूची गाडी दोनला हाय. त्याच्या आधी ये म्हणा. आमी दोघी हाव.