सहा पंखांचं विमान

४ मार्च
आजही बबडीने फोन उचलला नाही. नंतर विचारलं की म्हणते, "रेंज नसते रे बाबा इकडे." विमान शिकवायच्या शाळेत रेंज नाही!

ताई म्हणते, "लेक विमान शिकायला गेलीय, लढाईवर नाही." ताईचं काय जातंय बोलायला. मोठी बहीण, लहानपणापासून मला भित्राच म्हणत आलीय. खोटं नाही म्हणा.

दुकानात एका बाईंच्या चष्म्याच्या काचा उलटसुलट बसवल्या. डाव्या डोळ्याची उजवीकडे. त्यांनी चष्मा घातला आणि भिंतच धरली. लक्ष कुठे असतं माझं!

७ मार्च
शेजारचे रेडिओवाले दुपारी बोलवायला आले. बंद पडलेल्या कुठल्याशा फिल्म क्लबचा प्रोजेक्टर त्यांनी भंगारातून आणलाय, सोबत सिनेमांचे डबे. "चालू केलाय एकदाचा. चला, एकट्याला मजा येत नाही."

शटर अर्धं ओढलं, भिंतीवर पांढरी चादर. सिनेमा इतका जुना की आवाजच नाही. पुढच्या काळातलं शहर — म्हणजे तेव्हाच्या लोकांना वाटलेलं. आणि त्यात एक विमान! एकावर एक सहा पंख, पोटात वेताच्या खुर्च्या, शेपटीकडे पियानो. वर चक्क गच्ची, आणि गच्चीत बायका छत्र्या उघडून उभ्या! रेडिओवाले हसता हसता स्टुलावरून पडायचे बाकी होते. मीही हसलो.

मग विमान ढगात शिरलं. मी हसायचा थांबलो.

८ मार्च
झोप नाही. ते ढगातून बाहेर आलं का? आठवतच नाही.

११ मार्च
आज दुसरा डबा. यातलं विमान वटवाघळासारखे पंख फडफडवतं. वरची दोरी स्पष्ट दिसते. रेडिओवाले वैतागले — "दोरी दिसली की मजाच गेली." मला उलट बरं वाटलं. कोणीतरी धरून ठेवलंय. बबडीचं विमान कोण धरतं?

आणि वैमानिकाच्या गॉगलला काचाच नाहीत! पठ्ठ्याने आत बोट घालून डोळा चोळला. रेडिओवाल्यांना दिसलंही नाही.

संध्याकाळी बबडीचा फोन लागला. दर वेळी माझं एकच — हवा कशी आहे, इंजिन नीट तपासतात ना, जेवलीस ना. तिचं हं, हं. आज तोंडातून गॉगलचंच निघालं.  तर ती जी हसत सुटली! "बाबा, अजून सांग ना."

शेवटचं असं कधी म्हणाली होती?

१५ मार्च
आता तीच फोन करते. "आज कुठलं विमान?" पियानो शेपटीकडे म्हटल्यावर तर मला शिकवायलाच बसली. मागे एवढं वजन झालं तर नाक वर जाणार, पंख हवा सोडणार, मग खाली. "तो पियानो मध्ये ढकला आधी!" ती काय शिकते ते मला आज पहिल्यांदा कळलं. 'मग खाली' ऐकूनही मी घाबरलो नाही. घाबरलो, पण थोडा उशिराने.

१९ मार्च
आजच्या सिनेमात विमान चालवणारी मुलगी. विमान पुठ्ठ्याचं, ती मात्र खरी. उंच इमारतीच्या छतावरून एकटी उडते. खाली तिचा बाप टोपी हलवत उभा, लहान लहान होत जातो.

दिवा लागल्यावर रेडिओवाले — "काय झालं हो?"
"डोळ्यांत काहीतरी गेलं."
"चष्म्याच्या दुकानदाराच्या?"

घरी येऊन बबडीला विचारलंच. "तुला एकटीला कधी उडवू देणार?" ती म्हणाली, "होईल लवकरच, बाबा." आवाज कसातरीच. मग काम आहे म्हणून ठेवला. ताई चिडली, "विचारलंस कशाला? बरं चाललं होतं ना!"

२१ मार्च
फोन नाही. मी लावला तर बंद.

२२ मार्च
बंदच. रेडिओवाल्यांनी नवा डबा उघडला, मी गेलो नाही.

२३ मार्च
शेवटी शाळेत फोन लावला. बाई म्हणाल्या, "नाव सांगा... थांबा हं." मग नुसतं संगीत. मग लाइन कट! पुन्हा लावला, पुन्हा लावला — कोणी उचलेना. थांबा का म्हणाल्या असतील? कोणाला विचारायला गेल्या?

दुकान उघडलं नाही. आज ताईने भित्रा म्हटलं नाही. म्हणते तेव्हा राग येतो, आज म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

२४ मार्च
बबडी घरी आली. सगळं सामान घेऊन. धडधाकट!

फेब्रुवारीतच शाळा सोडली म्हणाली. मास्तर विमानातून उतरले, म्हणाले आता एकटी जा. हिला इंजिनच चालू करवेना. तेव्हापासून मैत्रिणीकडे होती, सगळे फोन तिथूनच. "तू इतका छान बोलत होतास, बाबा. मला सांगवेचना."

ताईने हात जोडले. "सुटलो बाई!"

बबडी माझ्याकडे बघत होती. "तूही सुटलास ना?"

मी हो म्हणालो. ती आंघोळीला गेल्यावर शाळेचा नंबर लावला — परत घेतात का विचारायला.