जनरलची बायको

भावजी,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून थेट बोलते.

इतकी वर्षं तुमचा धाकटा भाऊ तुमच्या ठरवून केलेल्या कुस्तीच्या खेळांत दुष्ट 'परदेशी जनरल' झाला. चिकटवलेल्या मिशा, पत्र्याची पदकं आणि जगात कुठेच नसलेली भाषा. लोक थुंकायचे. हे घरी येऊन हसत सांगायचे, "आज खेळ रंगला." मीही हसायचे.

पण मागच्या खेळात एका प्रेक्षकाने खरोखरच फुटकी बाटली यांच्या पाठीत खुपसली. मी इस्पितळात धावले, तर दारात तुमचा माणूस. म्हणाला, "बाहेर पत्रकार आहेत. जनरलला इथली बायको कशी असेल?" त्याला ढकलून मी आत गेले. डॉक्टर विचारत होते, कुठे दुखतंय? आणि हे पांढरेफटक पडलेले, त्या खोट्या भाषेत पुटपुटत होते, कारण तुम्ही खाटेपाशी उभे राहून डोळे वटारत होतात. सख्ख्या भावाला धड कण्हूसुद्धा दिलं नाहीत, भावजी.

मी डॉक्टरांना म्हटलं, "हे माझे मिस्टर. यांना तुमचं सगळं कळतंय." तेव्हा कुठे हे बोलले, "श्वास घेता येत नाही." काच फुप्फुसापर्यंत गेली होती.

आता तुमचा निरोप आलाय, रविवारी 'जनरलचा सूड' हा नवा खेळ आहे, न्यायला येतो. अजून टाके निघाले नाहीत, आणि हे पलंगाखाली बूट शोधतायत.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. रविवारी दार मीच उघडणार आहे, आणि यातला शब्द न् शब्द जिन्यात उभी राहून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा तुम्हाला ऐकवणार आहे.

तुमची धाकटी भावजय