मैना आज चार पावलं चालली

प्रिय शामकला,

अनेक आशीर्वाद. तू केशोरीला माहेरी गेलीस त्याला आज पंचवीस दिवस झाले. आमचा गजेंद्र तुला फोनवर काय सांगतो, मला ठाऊक नाही. म्हणून आपल्या घोडीची खबर मीच कळवते.

मैना आज चार पावलं चालली, बाई. तू गेलीस तेव्हा ती पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन नुसती उभी होती. खुरांवर हात ठेवला की गरम लागायचे. डॉक्टर म्हणाले, दाणा फार झाला की घोड्याचे खूर आतून सुजतात, लॅमिनायटिस म्हणतात त्याला; आतलं हाड सरकलं तर घोडी हातची जाते. पहिले दोन दिवस आम्ही तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले. इंजेक्शनं झाली. पायाखाली वीतभर रेती पसरली. दाणा बंद, नुसतं भिजवलेलं गवत. मग यादोराव नालबंदानं पुढून वाढलेले खूर थोडे थोडे घासले. तिच्या पाठीवर औंदा नवरदेव बसणार नाही, पण ती वाचली.

तुझे मामंजी दिवसभर तिच्याजवळच असतात. तू गेलीस त्या दिवशी ते अंगणात सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडले, "काऊन वं, दाणा मोजून टाकता येत नाही तुले? जनावराचा जीव घेऊन राहिली!" तू एवढंच बोललीस, "मी रोजच्यावानीच टाकला जी." आणि माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले.

शामकला, चणे मी घातले होते. आदल्या दिवशी मैना दोन वराती करून आली, तू धानाच्या बांधीत कामाला होतीस. तिचं उतरलेलं तोंड बघून मला माया आली. घमेलंभर चणे पुढे ठेवले आणि ती खाईस्तोवर मानेवरून हात फिरवत बसले. तुझा दाणा त्यावर पडला. आज सकाळी मामंजींना सगळं सांगितलं. ते मैनेजवळून उठून माझ्यासमोर आले. मग म्हणाले, "इतके दिवस काऊन चूप राहिली?" काय सांगू? चाळीस वर्षं त्यांचा राग दुसऱ्या कुणावर गेला की मी सुटकेचा निःश्वास टाकत आले. या वेळी तो तुझ्यावर गेला. रविवारी आम्ही दोघं केशोरीला येतो, तुझ्या आईवडिलांसमोर तुझी माफी मागायला. आमच्यासोबत परत यायचं की नाही, ते तू ठरव. मी आग्रह करणार नाही.

तुझीच सासू,
देवकाबाई